नववा तोडा

“फक्त आपल्याच घरच्या अळंबीत, ताई… बाकी कुणाच्याही लिंगझीत हा गुण नाही,” असं म्हणत योंगच्वाननं देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली, आणि त्याच क्षणी आईला चहा देत असलेल्या युएश्याच्या हातातला पेला आनंदानं इतका थरथरला की चार थेंब आईच्या मांडीवर सांडले.

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. एका हातानं पेला घेतला, दुसऱ्या हातानं गुडघा पुसला. ऐंशी वर्षांची ही म्हातारी शेजारणीनं दिलेला चहासुद्धा दोन्ही हातांनी घ्यायची, त्या गावची रीतच होती तशी. पण युएश्याच्या हातचा चहा मात्र गेली बत्तीस वर्षं ती एकाच हातानं घेत आली होती.

पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा सण कालच झाला होता. त्यासाठी तैपेईहून आलेला आईचा मुलगा योंगच्वान रात्र काढून थांबला होता, आणि आज सकाळी त्यानं ही बातमी सांगितली होती. नऊ वर्षांच्या कष्टांचं चीज झालं होतं. त्याच्या प्रयोगशाळेचा निबंध परदेशच्या मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला होता, आणि दोनेक महिन्यांत तैपेईतल्या एका इस्पितळात तीस रोग्यांना लिंगझीचा अर्क सुईवाटे द्यायला सुरुवात होणार होती.

“पण ते करतं काय?” आईनं विचारलं. “नुसतं ‘झालं झालं’ म्हणतोयस. मला कळेल असं सांग. शेजारीण विचारेल तर काय सांगू?”

मग तो पंचाहत्तरदा व्याख्यान दिलेला माणूस आईच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसला. “आपल्या रक्तात काही पेशी असतात, आई. पहारेकरी म्हण. कोवळ्या असतात तोवर त्या समोर येईल ते गिळत बसतात, दुसरं काही करत नाहीत.”

“म्हणजे तुझ्यासारख्या. बारा वर्षांचा होईस्तोवर तूही तेच करत होतास.”

तो हसला. “पण पक्व झाली की पेशी गिळणं सोडते. तिला हात फुटतात, झाडाच्या फांद्यांसारखे, लांबच लांब. जे गिळलं त्याचा तुकडा त्या हातांवर धरून ती काखेतल्या गाठीपर्यंत चालत जाते आणि तिथल्या लढणाऱ्या पेशींना दाखवते… हा शत्रू, नीट ओळखून ठेवा. कर्करोगात पुष्कळदा हेच होत नाही. पहारेकरी कोवळेच राहतात. बाबांचं तसंच झालं असणार. लिंगझीत साखरेच्या साखळ्या असतात, गोड नसतात त्या; पण त्या पेशींच्या ताटलीत घातल्या की दोन दिवसांत कोवळ्या पेशी पक्व होतात. मी भिंगाखाली बघतो ना, तेव्हा बाग फुलल्यासारखी दिसते ताटली.”

युएश्या दाराशी उभी राहून ऐकत होती. पस्तीस वर्षं तिनं ह्या अळंबीची सेवा केली होती. भुश्श्याच्या पिशव्यांतून वर येणारी पांढरी बोटं, हळूहळू पंख्यासारखी पसरणारी आणि लाखेनं माखल्यासारखी लाल चकाकणारी ती छत्रं, त्यांच्या कडेची ती पांढरी किनार जी पुसट होऊ लागली की तोडा करायचा, एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही… हे सारं तिच्या बोटांना ठाऊक होतं. पण ह्या कडू, लाकडासारख्या वस्तूच्या पोटात एवढी माया लपलेली असेल, कुणाच्या रक्तातल्या कोवळ्या जिवाला ती हात फुटवत असेल, हे तिला आज कळत होतं. तिचं अंतःकरण भरून आलं. करुणेच्या देवीची, कुआनयिन माउलीची हजार हातांची मूर्ती तिनं देवळात पाहिली होती. तिला वाटलं, माउलीचेच हात ते…

“आणि घरोघरच्या लिंगझी आणून पाहिल्या,” योंगच्वान सांगत होता, “पण आपल्या घरच्या लिंगझीच्या निम्म्यानंसुद्धा कुणाची काम करत नाही. परीक्षक विचारणारच होते की हा कचऱ्याचा परिणाम नाही कशावरून. कारण ह्या पेशी फार हळव्या. पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंच्या अंगावरचा एखादा कण जरी लागला तरी त्या अशाच जाग्या होतात. उकळा, वाळवा, तो कण जात नाही. आणि तो रोग्याच्या शिरेत गेला तर औषध राहिलं बाजूला, हुडहुडी भरून माणूस दगावायचा. म्हणून आमच्याकडचं पाणी आम्ही चार वेळा गाळतो.”

“साठवलेल्या पाण्यात असतो तो कण?” युएश्यानं हळूच विचारलं.

“साठवलेल्या? ताई, बुळबुळीत रांजण म्हणजे त्याचा कारखानाच.”

तो बोलत राहिला, आई प्रश्न विचारत राहिली, पण युएश्याला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिची नजर देव्हाऱ्याच्या उजव्या बाजूला, लाल कापडानं तोंड बांधलेल्या मातीच्या रांजणाकडे वळली होती, आणि तिथून ती हलेना.

बाबा यकृताच्या कर्करोगानं गेले त्या वर्षी तिनं व्रत घेतलं होतं. रोज पहाटे माउलीपुढे तीन पेले चहा ठेवायचा, महाकरुणा धारणी एकवीस वेळा म्हणायची, आणि ज्या पाण्यासमोर ती म्हटली ते पाणी आजाऱ्यांसाठी जपायचं. ते मंतरलेलं पाणी कधी ओतून टाकायचं नसतं. रांजण निम्मा झाला की झऱ्याचं पाणी त्यातच मिसळायचं, म्हणजे जुन्याच्या संगतीनं नवंही पवित्र होतं. बाबा गेल्यापासून तो रांजण एकदाही रिकामा झाला नव्हता. आणि प्रत्येक तोड्यानंतर, बांबूच्या सुपांवर काप पसरून झाले की ती विलोच्या झाडाची डहाळी त्या रांजणात बुडवायची आणि सगळ्या सुपांवरून शिंपडायची… हे ज्या कुणाच्या पोटात जाईल त्याला बरं वाटू दे, माउली. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. पुण्य बोलून दाखवायचं नसतं, म्हणून.

ती मागच्या पडवीत जाऊन बसली. गप्प राहणं किती सोपं होतं! उद्यापासून शिंपडायचं थांबवलं की झालं. पण मग जो अर्क आधीच काढून ठेवलाय, बाटल्यांत भरलाय, त्याचं काय? त्या तीस जणांची नावं तिला ठाऊक नव्हती, आणि नावं ठाऊक नसल्यामुळेच की काय, ते सगळे तिला बाबांसारखे दिसू लागले. पिवळे पडलेले डोळे, घोंगडीखाली कुडकुडणारे खांदे…

आणि सांगितलं तर? योंगच्वानची नऊ वर्षं. त्याचं नाव. संस्थेत पुढच्या वर्षी त्याला प्रमुख करणार होते, ते पद. ज्याच्यासाठी तिनं आपला सारा जन्म झिजवला होता, त्याच्याच पायाखालची जमीन ती आपल्या हातांनी काढून घेणार होती.

ती ह्या घरची लेक नव्हती. चार वर्षांची असताना तिला ह्या घरानं पाळायला आणलं, ते पुढे इथलीच सून करण्यासाठी. त्या काळी गरिबाघरी ती चाल होतीच. मध्यशरदाचा, पौर्णिमेचा सण होता तो. अनोळखी घरात ती हमसून हमसून रडत होती, तेव्हा ह्याच आईनं पपनस सोललं, त्याच्या जाड सालीची टोपी करून तिच्या डोक्यावर बसवली आणि म्हणाली, “आता ही आमची पोर.” दोन वर्षांच्या योंगच्वानला ती टोपी हवी होती म्हणून तो तिच्या मागे मागे दुडदुडत राहिला, आणि त्या दिवसापासून तो तिच्या कडेवरच वाढला.

ती एकवीस वर्षांची झाली. वर्षअखेरीच्या सणाला दोघांना एकत्र बसवून लग्न लावायचं ठरलं. आईनं लाल रजई शिवली. आणि आदल्या दिवशी लिंगझीच्या मांडवात योंगच्वान तिच्या पायांशी बसून रडला. “ताई, तुझ्या कडेवर मोठा झालोय मी. तुला बायको कसं म्हणू? पण मी नाही म्हटलं तर आई मला शिकायला पाठवायची नाही…” तिनं त्याचे डोळे पुसले. आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या नातेवाइकांसमोर, जेवणाच्या ताटांवर, ती उभी राहून म्हणाली की हे लग्न मला नको. मला, असं म्हणाली. योंगच्वान खाली मान घालून बसून राहिला.

आईनं तेव्हा तिचं ताट उचलून अंगणात ठेवलं होतं. म्हणाली होती, “ह्या घरच्या फळीवर तुझं नाव कधी लागायचं नाही.” लग्न न झालेल्या बाईचं नाव पूर्वजांच्या फळीवर लागत नाहीच, तिच्यासाठी देवळातला कोनाडा. युएश्यानं तेही स्वीकारलं. योंगच्वान शिकला, त्याचा संसार झाला, आणि ती मांडवात राबत, आईची वाताची तेलं चोळत, बत्तीस वर्षं एका हाताचा चहा देत राहिली. योंगच्वान दर सणाला यायचा, तिच्यासाठी औषधं, लोकरी मोजे आणायचा. पण त्या दिवसाबद्दल दोघांत एक शब्द कधी निघाला नव्हता.

तेव्हा तिनं खोटं बोलून त्याला सोडवलं होतं. आणि आता…

ती उठली. हातपाय धुतले, माउलीपुढे गुडघे टेकले, आणि कौलाचे दोन लाकडी चंद्रकोरी तुकडे ओंजळीत घेऊन मनातल्या मनात विचारलं : सांगू? तुकडे फरशीवर पडले. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. पण दोन्ही उताणे पडले, म्हणजे माउली नुसती हसली होती. तिनं पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही उताणे. तिसऱ्यांदाही तेच.

युएश्या बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिला समजलं की माउलीला हसू का येतंय. जे तुला माहीतच आहे, ते मला कशाला विचारतेस?

योंगच्वान अंगणात गाडीत पोती भरत होता. परवाच वाळवून ठेवलेला नवा तोडा. तिनं पोत्यावर हात ठेवला. “हे नेऊ नकोस,” ती म्हणाली. “मी ह्याच्यावर पाणी शिंपडलंय. रांजणातलं. सगळ्याच तोड्यांवर शिंपडत आलेय.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, पण आवाज चढला नाही. प्रयोगशाळेतल्या माणसासारखे तो कोरडे प्रश्न विचारत गेला. किती पाणी, कुठलं, कधीपासून, उन्हात घालण्याआधी की नंतर. ती एकेक उत्तर देत गेली.

“सगळ्या तोड्यांवर? एकही सुटला नाही?”

तिनं आठवलं. “एक सुटला. भूकंपाच्या आदल्या वर्षी देवळाच्या पायरीवरून पडले होते ना मी, पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा शेजारच्या वहिनींनी काप घातले. त्यांना शिंपडायचं माहीत नव्हतं.”

योंगच्वान मटकन गाडीच्या पायरीवर बसला. “नववा तोडा,” तो म्हणाला. “तो तोडा चालला नव्हता, ताई. अगदीच मरगळलेला निघाला. मी त्याच्यावर ‘खराब’ लिहून कपाटात मागे टाकला…”

मांडवाच्या काळ्या जाळीतून लिंगझीची तपकिरी भुकटी हलकेच तरंगत येऊन त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसत होती. तिला ती झटकावीशी वाटली, पण हात पुढे झाला नाही.

“दोन महिन्यांनी सांगितलं असतंस तर माणसं मेली असती,” शेवटी तो म्हणाला. “नऊ वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी वाचलो असतो.”

एवढं बोलून, न जेवता, पोती तिथंच उतरवून तो निघून गेला.

आईला सारं कळायला वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात योंगच्वाननं निबंध परत मागवला, इस्पितळाला बाटल्या फोडायला सांगितल्या, आणि तैपेईच्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. शेजारणीनं ती वाचून दाखवली. त्या दिवशी आईनं चहाचा पेला एका हातानंसुद्धा घेतला नाही.

“एकदा माझ्या पोराला नाकारलंस,” ती म्हणाली, “आणि आता त्याच्या नावाला काळं फासलंस. अजून काय उरलंय तुझं?”

युएश्यानं पेला शांतपणे खाली ठेवला. बत्तीस वर्षांत ओठांवर कितीदा तरी येऊन परत गेलेलं एक वाक्य पुन्हा एकदा आलं, आणि परत गेलं.

तिनं रांजणातलं पाणी कापराच्या झाडाच्या मुळाशी ओतलं. ओतताना क्षमा मागितली. रांजणाच्या आतून हात फिरवला तर बोटांना तो बुळबुळीत थर लागला, आणि ह्याच हातांनी आपण इतकी वर्षं आशीर्वाद वाटत होतो ह्या विचारानं तिला रडू कोसळलं; बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती इतकं रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. बांबूची सुपं काढून टाकली, स्टीलचे ट्रे आणले. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. सहा मांडवांतून नवे तोडे केले, एकाही कापाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, आणि प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी लावून ती तैपेईला पाठवत राहिली. चिठ्ठीवर तारीख आणि एकच शब्द : कोरडं.

उत्तर यायचं नाही. फोनही नाही. पण रिकामी पोती मात्र परत यायची, धुऊन, घडी घालून. पहिलं पोतं आलं तेव्हा तिनं ते नाकाशी नेलं. साबणाचा वास होता. तेवढ्यावर तिनं पुढचे चार महिने काढले. पहाटेची धारणी सुटली नाही, एकादशीसारखा तिचा प्रतिपदा-पौर्णिमेचा शाकाहारी उपासही चुकला नाही. फक्त आता माउलीपुढे पाणी नसायचं, रिकामी ओंजळ असायची.

मध्यशरदाच्या सणाला दुपारी अंगणात गाडी थांबली.

योंगच्वान एकटाच आला होता. केस बरेच पिकले होते. हातात पपनसांची जाळी होती आणि काखेत एक पातळ फाइल. त्यानं आईला नमस्कार केला, देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली, आणि मग युएश्याकडे न बघताच म्हणाला, “ताई, बस. तुला काही दाखवायचंय.”

फाइलमधून त्यानं दोन छायाचित्रं काढली. पहिल्यात गोल गोल, गुळगुळीत ठिपके होते. दुसऱ्यात त्याच ठिपक्यांना बारीक बारीक फांद्या फुटल्या होत्या. सगळ्यांना नाही, दहांतल्या तीन-चारांना.

“हे तुझ्या कोरड्या पोत्यांतलं. ताटलीत जिवाणूंच्या कणांचं विष बांधून ठेवणारं औषध आधी घातलं, म्हणजे कुठून एखादा कण आलाच असेल तरी तो निकामी. तरीही फांद्या फुटल्या. सहाही पोत्यांत. मग कपाटातून तो नववा तोडा शोधून काढला… त्यातही एवढ्याच. अगदी एवढ्याच.” “जे मी खराब म्हणून मागे टाकलं होतं, ताई, तेवढंच खरं होतं. बाकी सगळा नुसता गाजावाजा होता. लिंगझी खरंच हात फुटवते. मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू, थोड्या जणींना… पण खरंच फुटवते.”

युएश्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं छायाचित्राला हात लावला नाही, हात जोडले.

“आणि अजून एक आहे,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षीच मी एक परीक्षा केली होती. घोड्याच्या नालेसारखा तो समुद्रातला खेकडा असतो ना, त्याच्या रक्तानं हे विष ओळखता येतं. ती परीक्षा ‘विष आहे’ म्हणाली होती. पण लिंगझीच्या साखरेनंही ती परीक्षा फसते, हे मला माहीत होतं, म्हणून मी म्हटलं, साखरच असणार. दुसरी परीक्षा करायला हवी होती. केली नाही, कारण मला ते उत्तर हवं होतं. पाणी तुझं होतं ताई, पण डोळेझाक माझी. नवा निबंध लिहिलाय, त्यात हे लिहिलंय. आणि हेही लिहिलंय की चूक कुणी शोधून दिली. तुझं नाव लिहिलंय.”

“कशाला रे माझं…” ती म्हणाली.

आई मघापासून पपनस सोलत होती. सुरी चालत होती, कान इकडे होते. “म्हणजे नाव गेलं नाही तुझं?” तिनं विचारलं.

“गेलं होतं, आई. आता जे राहिलंय ते माझं आहे.” असं म्हणून तो एकाएकी स्टुलावरून उतरला आणि आईपुढे फरशीवर गुडघे टेकून बसला, लहानपणी मार खायला बसायचा तसा. युएश्यानं ओळखलं. “नको, योंगच्वान,” ती पुटपुटली. पण त्यानं मान हलवली.

“तिनं एका दिवसात खरं सांगितलं, आई. मला बत्तीस वर्षं लागली. त्या वर्षअखेरीला लग्न मोडलं ते तिनं नाही. मी मोडलं. आदल्या दिवशी मांडवात जाऊन मी तिच्या पायांशी रडलो. तू मला शिकायला पाठवणार नाहीस ह्या भीतीनं मला बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून ती बोलली. तू तिचं ताट अंगणात ठेवलंस तेव्हाही मी जेवत होतो.”

सुरी थांबली.

उदबत्तीची राख वाकून वाकून गळून पडली. आईच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण तिच्या मांडीवरच्या पपनसाच्या सालीवर एक थेंब पडला, मग दुसरा. ती युएश्याकडे बघत होती. सरळ, तोंडाकडे… युएश्याला आठवेना की ह्या डोळ्यांत आपण शेवटचं कधी पाहिलं होतं.

“का बोलली नाहीस?” आईनं विचारलं. “मी इतकं टाकून बोलले. इतकी वर्षं. एकदा तरी…”

“बोलले असते तर तुम्ही त्याला टाकून बोलला असतात, आई,” युएश्या म्हणाली. “मला सवय होती. त्याला झेपलं नसतं.”

म्हातारीनं डोळे मिटले. “रजई पेटीत आहे अजून,” ती काही वेळानं म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. “दर उन्हाळ्यात उन्हात घालत होते. का घालत होते, कोण जाणे…” मग डोळे उघडून मुलाकडे वळली. आवाज पुन्हा तिचा नेहमीचा, खरखरीत झाला. “ऐक. मी गेल्यावर फळीवर माझं नाव लावशील ना, त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेव. ह्या पोरीची आहे ती. कुणी भावकीतलं काही म्हणालं तर सांग, म्हातारीनं सांगितलंय, बोलायचं असेल तर वर येऊन बोला.”

“आई…” युएश्या म्हणाली.

“गप्प बस. इकडे ये. अजून जवळ. गुडघे दुखतात माझे, मी उठणार नाही.”

युएश्या पुढे झाली, आईच्या पायांशी बसली, आणि खाली वाकली. आईनं मांडीवरची पपनसाची जाड, हिरवी साल दोन्ही हातांनी उचलली, पाकळ्यांसारखी उलगडली, आणि चोपन्न वर्षांच्या त्या पिकल्या डोक्यावर ती हळूच बसवली. नीट बसेना. तिनं कडा दाबल्या, पुन्हा सारखी केली, आणि टोपी हातांनी धरूनच ठेवली.

“डोकं मोठं झालंय मेलं,” म्हातारी म्हणाली.